व्हिलनचं दुःख पानावर नेमकं कुठे ठेवायचं

अरे, तुझी स्क्रिप्ट वाचली, दोनदा वाचली. प्रश्न आधी माझ्या शब्दात सांगते म्हणजे मला नीट कळलाय का ते तुलाही बघता येईल. तुझा व्हिलन इंजिनियर आहे, तो लहान असताना त्याचं गाव धरणाखाली गेलं, वडील त्या धक्क्यातून उठलेच नाहीत, आणि आता तो धरणाचे दरवाजे उघडून खालचं शहर बुडवायला निघालाय. मधे सहा पानांचा फ्लॅशबॅक. ज्यांना वाचायला दिलंस ते म्हणाले वाईट वाटलं, पण माणूस पोकळ वाटतो. आणि तू विचारतोयस की ताई, मार्व्हल-डीसीच्या व्हिलन लोकांचंही असंच तर असतं, कुणाची बायको गेली कुणाचे आईबाप गेले, मग त्यांचं का चालतं आणि माझं का नाही.

एकवीस वर्षं झाली मला कॉमिक्सच्या आणि अ‍ॅनिमेशनच्या स्क्रिप्ट लिहून, आणि हा प्रश्न मला दर बॅचला कुणीतरी विचारतंच, कारण सगळ्यांना वाटतं की दुःख जेवढं मोठं तेवढा व्हिलन मोठा. तसं नसतं रे. दुःख त्याच्या आत्ताच्या वागण्यात उतरलंय का, तो गुन्हा ज्या पद्धतीने करतो त्यात दिसतंय का, हे बघायचं. मी एकच परीक्षा लावते. भूतकाळाची पानं फाडून बाजूला ठेव आणि उरलेली स्क्रिप्ट वाच. माणूस तसाच्या तसा राहिला, एक हालचालही बदलली नाही, तर तो भूतकाळ शिवलेला नव्हता, नुसता टाचला होता.

सगळ्यात स्वच्छ उदाहरण मिस्टर फ्रीझचं. हा माणूस बॅटमॅनच्या १२१ व्या अंकात आला, फेब्रुवारी १९५९, आणि तेव्हा त्याचं नाव होतं मिस्टर झीरो. प्रयोग करताना अपघात झाला, आता थंडीतच राहावं लागतं, हातात बर्फाची बंदूक, काम काय तर हिऱ्यांच्या चोऱ्या. बस. पुढे टीव्ही मालिकेमुळे फ्रीझ हे नाव चिकटलं पण माणूस तोच, बर्फ म्हणजे नुसती एक युक्ती. तीसेक वर्षं तो असाच मागच्या बाकावर बसून होता. मग १९९२ च्या सप्टेंबरमध्ये बॅटमॅनच्या अ‍ॅनिमेटेड मालिकेत 'हार्ट ऑफ आइस' नावाचा भाग आला, लिहिला पॉल डिनीने, दिग्दर्शन ब्रूस टिमचं, आणि फ्रीझचं नवं रूप काढलं माइक मिन्योलाने. जेमतेम बावीस मिनिटं. त्या बावीस मिनिटांत एका फालतू चोराचं जे झालं ते मी अजूनही शिकवते.

कसं केलं ते बघ. भाग सुरू होतो तेव्हा आपल्याला काहीच माहीत नसतं, फक्त एक आवाज ऐकू येतो, सपाट, एक अक्षर वर नाही खाली नाही, आणि समोर काचेचा एक छोटा गोळा असतो, त्यात नाचणारी एक बाई आणि आत भुरभुरणारा बर्फ. तो तिच्याशी बोलतोय. कोण ती, माहीत नाही. पुढे हा दरोडे घालतो ते एकाच कंपनीवर. त्याचाच एक माणूस बर्फाच्या माऱ्यात सापडतो, पाय गोठतात, तर त्याला तिथेच टाकून निघून जातो. हे सगळं आधी होतं, आपण घाबरून घेतो, आणि मग बॅटमॅनला एक जुनी टेप सापडते: व्हिक्टर फ्राइज नावाचा शास्त्रज्ञ, त्याची आजारी बायको नोरा, उपाय मिळेपर्यंत तिला गोठवून ठेवलेलं, आणि कंपनीचा मालक येतो, खर्च परवडत नाही म्हणून यंत्र बंद करायला लावतो, झटापटीत व्हिक्टरला लाथ मारून रसायनांवर ढकलतो. त्याच मालकाला इकडे मानवतेचा पुरस्कार मिळत असतो. म्हणजे क्रम लक्षात घे, वस्तू आधी, कारण नंतर. गोळा आपण अगोदरच पाहिलेला असतो त्यामुळे कारण कळतं त्या क्षणी मागचं सगळं आपोआप पेटतं, वेगळं रडवायला लागत नाही.

आणि माझी परीक्षा लावून बघ. नोराला काढून टाकलं तर काय उरतं? मिस्टर झीरो उरतो. बर्फ हे आधी हत्यार होतं, डिनीने त्याचं दुःख केलं. ज्या थंडीने तिला जपायचं होतं तीच थंडी आता याचं शरीर झालीय, उन्हाळ्यात कुणाचा ऊबदार हात धरून चालणं याच्या नशिबात नाही, आणि हा तेच दुसऱ्यांना देतोय. याला म्हणतात पद्धतीत उतरलेलं दुःख. या भागाच्या लेखनाला एमी मिळालं, आणि कॉमिक्सने पुढे हाच भूतकाळ जसाच्या तसा उचलला.

उलटा प्रयोगही झालाय तो मुद्दाम सांगते. २०१२ च्या बॅटमॅन अ‍ॅन्युअलमध्ये, म्हणजे वार्षिक विशेषांकात, स्कॉट स्नायडर आणि जेम्स टायनियन यांनी सांगितलं की नोरा याची बायको नव्हतीच, कित्येक वर्षांपूर्वी गोठवून ठेवलेली एक अनोळखी बाई होती आणि हा तिच्या केसवर काम करता करता मनातल्या मनात तिचा नवरा होऊन बसला. वाचक भडकले. माझं मत विचारशील तर भयकथा म्हणून कल्पना चांगलीय, अंगावर येते, पण फ्रीझचं मशीन तिने मोडलं, कारण आधी आपण म्हणायचो की हिच्या जागी माझं माणूस असतं तर मी काय केलं असतं, आणि आता तो प्रश्नच उरत नाही, आता तो फक्त एक वेडा आहे. दुःखी व्हिलन आपल्याला स्वतःकडे बघायला लावतो, वेडा व्हिलन लांबून बघता येतो.

आता टू-फेस, हाही बॅटमॅनचाच व्हिलन. हा माझा सगळ्यात आवडता. डिटेक्टिव्ह कॉमिक्स, अंक ६६, ऑगस्ट १९४२, बिल फिंगर आणि बॉब केन. सरकारी वकील हार्वी, भर कोर्टात एका गुंडाने अ‍ॅसिड फेकलं, अर्धा चेहरा गेला. त्या गुंडाचं एक नाणं होतं, दोन्ही बाजूंना छापा, हार्वीने त्याची एक बाजू ओरखडून टाकली आणि तेव्हापासून प्रत्येक निर्णय नाणं उडवून. छान आहे, पण नाणं का? अ‍ॅसिडने चेहरा जळालेला माणूस नाणं का उडवेल, याचं उत्तर जवळपास पन्नास वर्षं कुणाकडे नव्हतं.

१९९० च्या बॅटमॅन अ‍ॅन्युअलमध्ये, चौदावं ते, अँड्र्यू हेल्फरने लिहिलं आणि ख्रिस स्प्राउसने काढलं, तिथे ते नाणं गुंडाचं नाही, बापाचं आहे. बाप दारू पिऊन रात्री पोराशी खेळ खेळतो, नाणं उडवायचं, छापा पडला तर मार, काटा पडला तर सुटलास. आणि नाण्याला दोन्हीकडे छापाच. मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा पुस्तक खाली ठेवून बसून राहिले. रोज रात्री त्या पोराला आशा वाटत असणार रे, की आज तरी. मारापेक्षा ती आशा वाईट.

मग विचार कर, मोठेपणी हार्वी त्या नाण्याची एक बाजू खरवडून टाकतो तेव्हा तो नक्की काय करतो? तो ते नाणं प्रामाणिक करतो. बापाच्या नाण्यात सुटायची संधी शून्य होती, याच्या नाण्यात पन्नास टक्के आहे. तो ज्याच्यासमोर पिस्तूल धरून नाणं उडवतो त्याला तो, त्याच्या हिशोबाने, स्वतःला कधीच न मिळालेला न्याय देत असतो. भयंकर आहे ते, पण त्याचं डोकं आतून असं चालतं हे एकदा कळलं की नंतरचं प्रत्येक पान वेगळं वाचलं जातं. आणि हेल्फरने नवीन काही आणलंही नाही, वस्तू १९४२ पासून तिथेच पडलेली होती, त्याने फक्त ती कुणाच्या हातातून आली ते बदललं.

माझं स्वतःचं सांगते. सुरुवातीच्या काळात मी एका व्हिलनसाठी अकरा पानं भूतकाळ लिहिला होता, दुष्काळ, सावकार, सगळं. चित्रकाराने पूर्ण वाचलं आणि शांतपणे विचारलं, हे सगळं ठीक आहे, पण हा उभा राहतो तेव्हा हातात काय धरतो? मला उत्तर देता आलं नाही. त्या दिवसापासून मी स्क्रिप्टच्या पहिल्या ओळीच्या आधी हातातली वस्तू लिहून ठेवते, नंतर बदलली तर बदलली.

मॅग्नेटोबद्दल मात्र सावकाश बोलायला हवं, कारण तिथे दुःख बनवलेलं नाही, खऱ्या इतिहासातून घेतलंय, आणि ते घेताना जबाबदारी येते. १९६३ च्या सप्टेंबरमध्ये एक्स-मेनच्या पहिल्या अंकात स्टॅन ली आणि जॅक कर्बीने त्याला आणला तेव्हा तो सरळसोट खलनायक होता, क्षेपणास्त्रांचा तळ बळकावतो, म्युटंट, म्हणजे जन्मतःच अचाट शक्ती असलेली माणसं, हाच श्रेष्ठ वंश, 'होमो सुपीरियर', आम्हीच राज्य करणार वगैरे. त्याच्या टोळीच्या नावातच ईव्हिल हा शब्द होता, स्वतःच स्वतःला दुष्ट म्हणवून घेणारी माणसं. अठरा वर्षं गेली. ऑक्टोबर १९८१, अंक १५०, लेखक ख्रिस क्लेअरमाँट. या अंकात मॅग्नेटो सगळ्या जगाला धमकी देतो, एक रशियन पाणबुडी त्याच्यावर क्षेपणास्त्रं सोडते तर ती माणसांसकट बुडवतो. मग त्याच्या तळावर किटी प्राइड घुसते. किटी तेरा-चौदा वर्षांची, भिंतीतून आरपार जाणारी पोरगी, ज्यू आहे. ती त्याची यंत्रं बिघडवत सुटते, तो चिडून तिच्यावर पूर्ण ताकदीने वार करतो. आणि ती कोसळल्यावर जवळ जाऊन बघतो तर ही लहान मुलगी आहे. आपण हिला मारलं असंच त्याला वाटतं. तिथे त्याच्या तोंडून ऑशविट्झ येतं, की माझी माणसं तिथे मेली, आणि मी आज कोण झालोय. (किटी वाचते, ते वेगळं.)

बघ, फ्लॅशबॅकची सहा पानं नाहीत. मोजकी चित्रं, एक मूल हातात, आणि माणूस आरशात बघितल्यासारखा थिजतो. आणि गंमत नाही तर भीती वाटावी अशी गोष्ट ही की त्या एका प्रसंगाने १९६३ चा तो जुना शब्द पुन्हा जिवंत केला. श्रेष्ठ वंश. ज्या पोराला दुसऱ्यांनी हीन वंशाचा म्हणून छावणीत टाकलं तोच मोठा होऊन वंशाची उतरंड मांडतोय, फक्त आपल्याला वर ठेवून. ली आणि कर्बीच्या डोक्यात तेव्हा हे असेल असं मला वाटत नाही, पण क्लेअरमाँटने जखम अशा ठिकाणी ठेवली की मागचा प्रत्येक अंक तिच्याभोवती आपोआप जुळला.

याला एक तांत्रिक अडचणही होती. कॉमिक्समध्ये पात्रं म्हातारी होत नाहीत, काळ पुढे ढकलत राहतात, पण ऑशविट्झ ढकलता येत नाही, ते १९४० च्या दशकातच राहणार. नशिबाने आधीच, १९७४ मध्ये दुसऱ्या एका मालिकेत मॅग्नेटोला चक्क तान्हं बाळ केलेलं होतं आणि १९७७ मध्ये परत ऐन उमेदीत आणलेलं होतं, म्हणून जन्म जुना आणि शरीर तरुण हे गणित बसलं. पुढे २००८ मध्ये ग्रेग पाकने 'मॅग्नेटो: टेस्टामेंट' लिहिलं, पाच अंकांचं, आणि ते तू मिळवून वाचच. त्यात ना सुपरहिरो ना लढाया, मॅक्स आयझेनहार्ट नावाचा जर्मन ज्यू मुलगा आणि त्याच्याभोवती रोज थोडं थोडं आवळत जाणारं जग. पुढे तो छावणीत सॉन्डरकमांडो होतो, म्हणजे गॅस चेंबरमधून प्रेतं बाहेर काढायचं काम ज्या कैद्यांना करायला लावायचे ते. पाकने तिथे कुठेही त्याला हिरो केलं नाही, आणि पुढे हा व्हिलन होणार आहे म्हणून माफीही मागितली नाही.

माफी, हाच तुझ्या स्क्रिप्टमधला दुसरा प्रॉब्लेम. तुझ्या शेवटच्या पानावर हिरो त्याला मिठी मारून म्हणतो की तुझी काही चूक नव्हती. अरे, कशी नव्हती? कर्णाचं चाक रुतल्यावर त्याने धर्म काढला, त्यावर कृष्णाने जे विचारलं ते आपल्याकडे म्हणीसारखं झालंय, तेव्हा कोठे गेला होता राधासुता तुझा धर्म. कृष्णाला तर हा राधेचा नाही कुंतीचा मुलगा आहे, याच्यावर जन्मापासून अन्याय झालाय, हे सगळं ठाऊक आहे. तरी विचारतो. दुःख खरं आणि प्रश्नही खरा, दोन्ही एकाच पानावर उभं राहिलं पाहिजे, तू प्रश्न पुसून टाकलास म्हणून दुःखही हलकं झालं.

जोकरच्या बाबतीत हे फार हुशारीने केलंय. 'द किलिंग जोक', १९८८, अ‍ॅलन मूर आणि ब्रायन बॉलंड. जोकर कसा झाला तर एक न चालणारा विनोदी कलाकार, गरोदर बायको, पैशासाठी एका चोरीत सामील होतो, त्याच दिवशी बायको अपघातात जाते, चोरी फसते, रसायनात पडतो. त्याचं म्हणणं असं की एक वाईट दिवस पुरतो, कुणीही वेडा होतो, आणि ते सिद्ध करायला तो कमिशनर गॉर्डनच्या मुलीला गोळी घालतो आणि गॉर्डनचे हाल हाल करतो. आणि गॉर्डन वेडा होत नाही. उलट बॅटमॅनला सांगतो की याला कायद्यानेच पकडून आण. म्हणजे तोच वाईट दिवस दुसऱ्या माणसाला देऊन पुस्तकानेच उत्तर दिलं. शिवाय जोकर स्वतःच म्हणतो की आपला भूतकाळ त्याला कधी असा आठवतो कधी तसा, त्यामुळे ते सगळं खरं होतं का हेही हातात राहत नाही.

पण याच पुस्तकाचं एक मला कधीच पटलं नाही ते बार्बरा गॉर्डनचं. तिला गोळी लागते, ती कमरेखाली लुळी होते, आणि त्या पुस्तकात ते फक्त दोन पुरुषांची परीक्षा घ्यायला वापरलं जातं. नंतर किम येल आणि जॉन ऑस्ट्रँडर यांनी तिला ओरॅकल म्हणून उभं केलं, व्हीलचेअरवरून सगळ्या शहराची माहिती हाताळणारी, तो खरा न्याय. १९९९ मध्ये गेल सिमोनने कॉमिक्समधल्या अशा बायकांची यादीच केली होती, पुरुषाला दुःख पाहिजे म्हणून मारलेल्या, लुळ्या केलेल्या, फ्रिजमध्ये कोंबलेल्या. ती हिरोंच्या कथांबद्दल जास्त होती पण व्हिलनला तितकीच लागू होते, आणि नोराही खरं तर त्यातलीच, बावीस मिनिटांत तिला स्वतःचं एक वाक्य नाही. तुझ्या फ्लॅशबॅकमधली आई बघ एकदा. ती फक्त रडते.

हार्ली क्विन याच्या बरोब्बर उलट आहे. 'मॅड लव्ह', १९९४, परत डिनी आणि टिम. ती अर्खमची, म्हणजे जोकरसारख्या वेड्या गुन्हेगारांना ठेवतात त्या इस्पितळाची डॉक्टर, जोकर तिला सांगतो की बाप मारायचा, आयुष्यात एकदाच मी त्याला हसताना पाहिलं, मला सर्कसला नेलं होतं तेव्हा. ती विरघळते, त्याच्या प्रेमात सगळं उधळते. शेवटाकडे बॅटमॅन तिला सांगतो की हीच गोष्ट त्याने एका पॅरोल ऑफिसरलाही सांगितली होती, फक्त त्यात बर्फावरच्या नाचाचा शो होता. आणि ती हळूच दुरुस्त करते, सर्कस, मला तो सर्कस म्हणाला होता. त्या एका वाक्यात तिचं आयुष्य कोसळताना दिसतं. व्हिलनचा दुःखी भूतकाळ हेच दुसऱ्याला अडकवायचं हत्यार, आणि खरी शोकांतिका ऐकणारीची. दुःख ऐकलं की विरघळणाऱ्या आपल्यासारख्या वाचकांनी हे पुस्तक दर दोन वर्षांनी वाचावं.

फँटॅस्टिक फोरचा व्हिलन डॉक्टर डूम, त्याच्यावर मी वेळ घालवत नाही, फक्त एक गोष्ट घे. त्याचा भूतकाळ १९६४ मध्ये आला, आईबाप गमावलेला पोरगा, मग प्रयोगात स्फोट, चेहऱ्यावर जखम, आणि मग पोलादी मुखवटा, जो तो पुरता थंड व्हायच्या आधीच चेहऱ्यावर चढवायला लावतो. १९८५ मध्ये जॉन बर्नने दाखवलं की स्फोटातली जखम किरकोळ होती, चेहरा जाळला तो त्या तापलेल्या मुखवट्याने. म्हणजे नशिबाने ओरखडा दिला आणि बाकीचं त्याने स्वतःच्या घाईने आणि अहंकाराने केलं. व्हिलनच्या दुःखात स्वतःचा वाटा किती, हे प्रत्येकाच्या बाबतीत ठरवायचंच.

आता तुझ्या इंजिनियरकडे येऊ. सहा पानं उडव. सगळी. माझी परीक्षा लावली तर तुझा माणूस आत्ता कुठल्याही सिनेमातला व्हिलन आहे, बटण दाबणारा. पण तुझ्याकडे एक सोनं आहे ते तू वापरलेलंच नाहीस. आपल्याकडे पावसाळ्यात रोज पेपरात धरणसाठा येतो, कुठलं धरण किती टक्के, आणि शंभर टक्के भरलं की शहर खूश होतं, पूजा होते, फोटो छापतात. त्याच्यासाठी शंभर टक्के म्हणजे गाव सगळ्यात खोल. आणि मे महिन्यात पाणी आटलं, शहरात टँकर फिरायला लागले की त्याच्या देवळाचा कळस वर येतो, तेव्हा तो सुट्टी काढून काठावर जाऊन बसतो. पहिल्या पानावर त्याला पेपरातला तो आकडा कापून वहीत चिकटवताना दाखव, वर्षानुवर्षांची वही, कारण सांगू नकोस. वाचकाला वाटू दे की इंजिनियर आहे, कामाचं असेल. मग त्याला शहर बुडवायचं नसेलही कदाचित. दरवाजे उघडून धरण रिकामं करायचं असेल, गाव वर यावं म्हणून, आणि खाली शहर आहे हे त्याला पूर्ण माहीत असेल. तो गुन्हा त्याचाच आहे, दुसऱ्या कुणाचा होऊ शकत नाही.

आणि आईला बोलायला लाव. ती आता त्याच शहरात राहते, त्याच धरणाचं पाणी सकाळी नळाला येतं, ती कळशी भरते. गाव तिचंही बुडालं होतं, नवरा तिचाही गेला. मिठी मारणाऱ्या हिरोच्या ऐवजी शेवटच्या पानावर तिला आण आणि तिला जे विचारायचंय ते विचारू दे. ते वाक्य मी सांगणार नाही, ते तुला तिच्याशेजारी बसूनच सापडेल. लिहून झालं की आधी फक्त पहिलं पान पाठव, वहीचं.